बोर्डीचं प्रशिक्षण

नागलीचे पापड एका अंगाने वाळले होते आणि चंद्रकला ते उलटत होती, तेव्हा रविनाने माडीवरून हाक मारली. हाक चंद्रकलेला नव्हती. काहीतरी बिनसलंय, हे खरं म्हणजे तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. मौळ्यांच्या घरात कुणाला काहीही हवं असलं, टॉवेल असो की देवाची वात असो, तरी हाक चंद्रकलेलाच जायची.

"चंदाताई, जरा वर येता का? एकट्याच या."

चंदा माहेरपणाला आली होती. म्हणजे ती ओट्यावर पाय लांब करून बसली होती आणि कुठला पापड जाड झालाय ते बसल्या जागेवरून सांगत होती. दिवाळीत मिक्सरवरून बिनसल्यापासून ही नणंद आणि धाकटी भावजय एकमेकींशी सासूबाईंमार्फत बोलत असत. "आई, तिला सांग," "आई, त्यांना सांगा," असं करत दोघी एकाच ताटातली चटणी वाढून घेत. आता थेट हाक, तीही गोड आवाजात! चंदा चपला न घालताच वर पळाली.

चंद्रकला पुढचा पापड उलटायला वाकली. माडीवर काय आहे ते तिला ठाऊक होतं. तिथे रविनाचा कॉम्प्युटर होता. धाकटा दीर विनोद बोईसरच्या कारखान्यात होता, रविवारपुरता मोखाड्याला यायचा. त्याच्या मागे रविना सकाळी दोन तास गावातल्या मुलींना टायपिंग शिकवायची आणि उरलेला दिवस ऑर्कुटवर असायची.

वरून चंदाचं हसू ऐकू आलं. मग ते मध्येच तुटलं. मग चंदाची हाक आली, "ममता, ए ममता, वर ये गं," आणि चंद्रकलेची लेकही पुस्तक टाकून वर गेली. त्यानंतर माडीवर इतकी शांतता झाली की ओट्यावर पेंगणाऱ्या सासूबाई जाग्या झाल्या.

"काय झालं गं? लाइट गेली काय?"

"नाही, आई," चंद्रकला म्हणाली. लाइट गेली असती तर बरं झालं असतं.

मे महिन्यात शाळा बंद असते, हे मौळ्यांच्या घराने चंद्रकलेच्या लग्नापासून पाठ केलं होतं. "तुला काय, सुट्टीच आहे," हे वाक्य तिला सासूबाई ऐकवत, नवरा ऐकवे, आणि पाहुणे आले की पाहुणेही ऐकवत. सुट्टी असल्यामुळे पापड तिचे, कुरडया तिच्या, गोधड्या धुणं तिचं, आणि लग्नसराईत जिथे घरातल्या दुसऱ्या कुणाला जायचं नसेल तिथे जाऊन बसणंही तिचं. जूनमध्ये पोशेऱ्याची शाळा उघडली, की पहिल्या दिवशी भरगच्च जीपमध्ये अंग चोरून बसताना तिला अगदी विसावा मिळाल्यासारखं व्हायचं.

माहेर तिलाही होतं. पण चंदाचं माहेर उन्हाळ्यात उघडं असायचं आणि तिचं बंद. ती सूर्यमाळची. मेमध्ये तिथे पाण्याचे असे हाल, की लेक घरी येते म्हणजे आधी एक हंडा वाढतो. "पावसाळ्यात ये गं बाई," असं आईच सांगायची, लेकीकडे न बघता. पावसाळ्यात शाळा असायची. असं करता करता आई गेली, आणि तो प्रश्न सुटला.

म्हणून यंदाच्या सुट्टीत, मे लागल्या लागल्या, चंद्रकला थाप मारून बोर्डीला गेली होती.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या सुट्टीत ममताने हौसेने आईचं ऑर्कुटवर खातं उघडून दिलं. फोटोच्या जागी गुलाब लावला, कारण "माझा फोटो नको" असं चंद्रकलेने बजावलं होतं. त्या गुलाबाला जव्हारच्या डी.एड. होस्टेलवरच्या मैत्रिणी एकेक करून सापडत गेल्या. वाड्याची मालू सापडली. तलासरीची सकू सापडली. तिघी एका खोलीत राहिलेल्या, एका बादलीत कपडे भिजवलेल्या. मालूच्या भावाची बोर्डीला खोली होती, ती रिकामी होती. "या गं तीन दिवस," मालूने लिहिलं, आणि खाली थापही स्वतःच रचून दिली. "पालघरला प्रशिक्षण आहे म्हणून सांग. शिक्षकबाईला प्रशिक्षण कुणी अडवत नाही."

आणि खरंच कुणी अडवलं नाही. नवरा तुळशीदास मोखाड्याच्याच पंचायत समितीत वरिष्ठ सहायक होता. त्याच्या टेबलापासून शिक्षण विभाग पाण्याच्या पिंपापलीकडे होता. उठून विचारलं असतं तर तिथल्या तिथे सगळं उघड झालं असतं. पण चंद्रकला खोटं बोलेल ही गोष्ट त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्याचा विश्वास होता असं म्हणता येईल. ती तेवढी हुशार असेल असं त्याला वाटत नव्हतं, असंही म्हणता येईल.

बोर्डीला तिघींनी काहीही केलं नाही. तेच करायला त्या गेल्या होत्या. शेजारच्या बाईच्या हातचं जेवल्या, सुरूच्या झाडांच्या सावलीत झोपल्या, संध्याकाळी पाण्यात उभ्या राहिल्या. येताना चंद्रकलेने चिकू आणले आणि प्रशिक्षणात वाटले म्हणून सांगितलं. चिकू वाटणारं सरकार कुणालाही खटकलं नाही. सासूबाईंनी चार खाल्ले आणि म्हणाल्या, "सरकार सुधारलं हो."

तुळशीदास जेवायला आला तोच चंदा जिना उतरून त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"दादा, जेवण नंतर. आधी वर चल."

"अगं, मला परत ऑफिसला जायचंय."

"ऑफिस कुठं पळून जात नाही. बाकीचे पळून जातात, त्यांचं काय?"

चंद्रकलेने हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांच्या मागोमाग जिना चढली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आपल्याविषयीच बोलायचं असेल तर या घरात तिला बोलवायची पद्धत नव्हती. सासूबाईही एकेक पायरी मोजत वर आल्या.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चंद्रकला होती. मालूने तिचं नाव जोडून ऑर्कुटवर फोटो टाकला होता. गुडघ्यापर्यंत लाटांत, साडी वर खोचलेली, डोक्यावर मालूच्या मुलाची क्रिकेटची टोपी. बाजूला मालू तिच्या खांद्याला लटकून हसत होती. आणि चंद्रकला स्वतः तर अशी हसत होती, की तोंडातल्या आतल्या दाढेची चांदी उन्हात चमकत होती.

तुळशीदासने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हिच्या दाढेत चांदी आहे?"

"दादा, चांदीचं काय घेऊन बसलास?" चंदा म्हणाली. "खाली काय लिहिलंय बघ. 'बोर्डी, मे दोन हजार नऊ.' या महिन्यात ही फक्त पालघरला गेली होती. प्रशिक्षणाला!"

सगळ्यांनी चंद्रकलेकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. आपण अशा दिसतो, हे तिलाही नवीनच होतं.

"कोण होतं बरोबर?" तुळशीदासने विचारलं.

"मालू आणि सकू. होस्टेलच्या."

"आणि?"

"आणि कुणी नाही."

"मग हा फोटो कुणी काढला?" चंदाने अगदी फौजदारासारखं विचारलं.

"सकूने. म्हणून ती ह्यात नाही."

चंदाचा चेहरा उतरला. सकू नावाच्या बाईने फोटो काढला, हे तिला अजिबात पुरेसं नव्हतं. तिची एकटीचीच नाही, सगळ्यांचीच पंचाईत झाली होती. एखादा पुरुष निघाला असता तर घर हादरलं असतं, रडारड झाली असती, दोन दिवस चूल पेटली नसती, पण निदान प्रकरण समजलं तरी असतं. बाई घरातून खोटं बोलून बाहेर पडते आणि नुसतीच दोन बायकांबरोबर उभी राहते, हे कशात बसवायचं?

"मग गेलीस कशाला?" तुळशीदासने विचारलं. त्याच्या आवाजात रागापेक्षा गोंधळ जास्त होता.

चंद्रकलेने विचार केला. खोटं बोलायचं ते बोलून झालं होतं.

"पाणी बघायला."

"काय?"

"एवढं पाणी, आणि कुणाला ते भरावं लागत नाही. ते बघायचं होतं."

सासूबाई खुर्चीत टेकल्या. "पाणी बघाया बोर्डीला? आपल्या बोरिंगला काय रॉकेल येतं?"

रविना फस्सकन हसली. चंदाही हसली. तुळशीदास मात्र हसला नाही, कारण बायको थट्टा करत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"ते चिकू पण मंग..." सासूबाईंना एकदम आठवलं.

"बोर्डीचे, आई."

"म्हंजे सरकारनं नाय दिले?"

"नाही."

 सून खोटं बोलली याचं सासूबाईंना वाईट वाटलं असेल, पण सरकार आहे तसंच आहे याचं नक्कीच वाटलं.

इतका वेळ ममता भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "पप्पांना नाही सांगितलंस ते ठीक आहे. मला का नाही सांगितलंस, आई? खातं मी उघडून दिलं तुला."

"तू पण येते म्हणाली असतीस."

"मग? आले असते!"

"तू आली असतीस तर मी तिथेही आईच झाले असते," चंद्रकला म्हणाली. "तुझा टॉवेल, तुझं ऊन, तुझं जेवण."

हे खरं होतं आणि म्हणूनच बोलायला नको होतं. ममताचे डोळे भरले. ती दोन पावलं सरकून आत्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. चंदाने लगेच तिच्या पाठीवर हात ठेवला. असे हात ठेवायला चंदा कधी उशीर करत नसे.

"बघितलंस, दादा? पोटच्या पोरीला असं बोलते. सगळं ह्या कॉम्प्युटरने होतंय. आमच्या भिवंडीत पण बायका दिवसभर हेच करतात. इसको स्क्रॅप, उसको स्क्रॅप. घरात ध्यान म्हणून नाही."

"हा डबा आधी बंद करा," तुळशीदास म्हणाला. आपल्याला करता येण्यासारखं काहीतरी सापडल्याने त्याला बरं वाटलं. "विनोदला मी आजच फोन करतो. कनेक्शन काढून टाक म्हणतो."

आतापर्यंत रविना खुर्चीच्या पाठीवर रेलून तमाशा बघत होती. ती ताडकन सरळ झाली.

"कनेक्शन कशाला काढायचं, भाऊजी? ताईंनी काय दरोडा घातलाय? तीन दिवस समुद्रावर तर गेल्या. वर्षभर राबतात बिचाऱ्या."

"आता आली का ताईंची दया!" चंदा म्हणाली. "मघाशी मला हाक कुणी मारली?"

"फोटो बघायला मारली मी. कोर्ट भरवायला नाही."

"'बघा तुमच्या वहिनीचे रंग' कोण म्हणालं?"

"रंग छान आलेत असं म्हणाले मी. फोटोतले."

मिक्सरपासून सुरू झालेलं भांडण असं दहा मिनिटांची विश्रांती घेऊन पुन्हा जागेवर आलं. चंद्रकलेला रविनाची बाजू मिळाली होती. ती किती टिकणार, हे इंटरनेटच्या कनेक्शनवर अवलंबून होतं.

तुळशीदासने हात वर केला. "गप्प बसा दोघी." मग तो बायकोकडे वळला आणि ज्याला ती मघापासून भीत होती तेच बोलला.

"आणि सोमवारचं? ते पण असलंच का?"

सोमवारी चंद्रकला पुण्याला निघणार होती. ह्या वेळी खरोखरच्या प्रशिक्षणाला. नव्या पुस्तकांसाठी तालुक्यातून एकच तज्ज्ञ शिक्षक निवडला होता आणि तो पुरुष नव्हता, सेवाज्येष्ठही नव्हता, ती चंद्रकला होती. पुण्यात शिकायचं आणि परत येऊन तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांना शिकवायचं. ज्यांनी तिला आजवर मीटिंगमध्ये चहाचे कप मोजायला लावले होते, ते समोर बाकांवर बसणार आणि ती फळ्यापाशी उभी राहणार. सोमवारी ती हजर झाली नाही, तर दुसऱ्याचं नाव जाणार होतं. दुसरा तयारच होता. तो रोज विचारत होता, "बाई, घरून जमतंय ना?"

"सोमवारचं खरं आहे," ती म्हणाली.

"पालघरचं पण खरंच होतं."

"ऑर्डर आहे. कपाटात आहे. आणू?"

"आण."

तिने आणली. तुळशीदासने ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, मागून बघितली, शिक्क्यावर अंगठा घासला.

"शिक्का काय, कुणीही मारतं," तो म्हणाला. हे तो अनुभवाने बोलत होता.

"अहो, खरंच आहे ते."

"तू कुठेही जायचं नाही. लोकांनी फोटो बघितलाय ते काय कमी आहे? रविना, किती जणांनी बघितलाय हा?"

"कोण कोण बघून गेलं ते कसं कळणार? पण खाली बोललेत बरेच." रविनाने माऊस फिरवला. "सगळं छान छान आहे, भाऊजी. 'वॉव', 'सो स्वीट'. आणि हे एक पुंजा सरांचं. 'मॅडम एकदम मजेत! मिस्टर कुठे आहेत?'"

तुळशीदास खिडकीपाशीच थिजला. पुंजा सर म्हणजे केंद्रप्रमुख. पिंपापलीकडे बसणारे. रोज चार वाजता त्याच्याबरोबर कॅन्टीनला चहा घेणारे आणि चहाबरोबर अख्ख्या तालुक्याची खबर घेणारे.

"हे कधी लिहिलंय?"

"परवा."

"म्हणजे परवापासून ते माझ्याबरोबर चहा पितायत आणि काही बोलले नाहीत?"

 पुंजा सर बोलले नाहीत याचा अर्थ ते दुसऱ्या सगळ्यांशी बोलले होते, एवढं त्या माडीवर सगळ्यांनाच कळलं.

"त्यांनाच विचारा ना मग," चंद्रकला म्हणाली. "शिक्षण विभागात आहेत ते. सोमवारचं खरं की खोटं, सांगतील."

हे बोलायला धाडस लागलं, असं नंतर तिला वाटलं. त्या क्षणी तिला फक्त पुण्याची बस दिसत होती.

रेंज फक्त खिडकीपाशीच यायची, म्हणून तुळशीदास अर्धा बाहेर वाकून फोनवर बोलत होता. पुंजा सरांचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"बोला, मौळे साहेब!"

"सर, ते आमच्या मिसेसचं पुण्याचं..."

"अहो, एक नंबर! तालुक्यातून एकच नाव. मीच सही घेतली साहेबांची. सोमवारी पोचल्या पाहिजेत हां, नाहीतर आपल्या तालुक्याचं नाव खराब. काय, अडचण नाही ना घरून?"

"नाही, नाही. अडचण कसली?"

"नाही, विचारलं आपलं. आणि तो फोटो बघितला बरं का! बोर्डीचा! काय मजा केलीय मॅडमनी! तुम्ही दिसला नाहीत कुठे?"

तुळशीदासने फोन दुसऱ्या कानाला लावला. आणि मग तुळशीदास मौळे, ज्याने नोकरीत कधी नियमाबाहेर एक टाचणी घेतली नव्हती, तो शांतपणे म्हणाला,

"मीच पाठवलं होतं."

माडीवरच्या पाच बायकांनी एकाच वेळी त्याच्या पाठीकडे पाहिलं.

"काय म्हणता!"

"हो. म्हटलं, वर्षभर शाळा आणि घर, घर आणि शाळा. जा म्हटलं मैत्रिणींबरोबर. नको नको म्हणत होती. मीच बळंबळं पाठवलं."

"वा, वा! असा नवरा पाहिजे, मौळे साहेब! आमची ही तर तुमचा फोटो लावेल भिंतीला! नाहीतर आमच्यासारखे आम्ही. वा!"

तुळशीदास खिडकीतून आत आला तो दुसराच माणूस होता. त्याचे कान लाल झाले होते, पण लाजेने नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी 'वा' म्हटलं होतं, तेही तीनदा.

"तर सोमवारचं खरं आहे," तो म्हणाला.

"हो," चंद्रकला म्हणाली.

"जा मग. मी कुठे नाही म्हणतोय? मी कधी अडवलंय तुला?"

चंदा काही बोलायला गेली. भावाने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तोंड मिटलं आणि ममताच्या पाठीवरचा हातही काढून घेतला. वारा कुठून वाहतोय हे तिला लहानपणापासून कळत असे.

"फक्त," तुळशीदास म्हणाला, "त्या पुंजा सरांच्या प्रश्नाला उत्तर गेलं पाहिजे. तिथे, खाली. सगळ्यांना दिसेल असं. नाहीतर मी म्हणतो एक आणि हा फोटो म्हणतो दुसरंच. रविना, लिहिता येईल ना?"

"येईल की, भाऊजी!" कनेक्शन वाचल्याच्या आनंदात रविना खुर्ची ओढून बसलीसुद्धा. "पण ताईंच्या खात्यातून जायला पाहिजे. फोटो त्यांचा, प्रश्न त्यांना विचारलाय. पासवर्ड ममताकडे आहे."

ममताने पासवर्ड घातला. गुलाब आला. तुळशीदास पाठीमागे हात बांधून येरझाऱ्या घालत मजकूर सांगू लागला. ऑफिसात टिपण सांगताना तो असाच फिरायचा.

"लिही. 'आमच्या मिस्टरांनीच आग्रहाने पाठवलं होतं.' हां. 'ते नेहमी मला प्रोत्साहन देतात.' लिहिलंस? 'त्यांच्यामुळेच मला हे दिवस मिळाले.'"

रविना इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत होती. शेवटचं वाक्य झालं तेव्हा ती थांबली.

"ताई, पाठवू?"

चंद्रकला पडद्याकडे बघत होती. वर तिचा फोटो, खाली तिच्या नावाने तिची वाक्यं. ह्या घरात तिने लग्नापासून जे काही केलं ते कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुणासाठी तरी. हे तीन दिवस तेवढे तिने कुणाला न विचारता घेतले होते. चोरले होते म्हणा. चोरीचे असले तरी ते तिचे होते. आता ते तिला बक्षीस म्हणून मिळत होते, आणि पावती तिनेच द्यायची होती.

नाही म्हणता आलं असतं. 'नको, मी चोरून गेले होते, तसंच राहू दे,' असं म्हणता आलं असतं. मग सोमवारी तो दुसरा पुण्याला गेला असता, आणि पुढच्या मीटिंगमध्ये कप मोजायला ती होतीच.

"आई?" ममताने हळूच विचारलं. तिच्या आवाजात आता रुसवा नव्हता. तिला उत्तर खरोखरच हवं होतं, आणि त्यामुळे ते देणं आणखी अवघड झालं.

"पाठव," चंद्रकला म्हणाली.

रविनाने बटण दाबलं. ममताने आईकडे क्षणभर पाहिलं आणि मग नजर पायाच्या अंगठ्याकडे वळवली. समजूतदारपणे. तो समजूतदारपणा चंद्रकलेने ओळखला. मुलीने एवढ्या लवकर शिकायला नको होतं.

चहा होईस्तोवर उत्तरं आली. चंद्रकलेने चहा वर आणला तेव्हा रविना मोठ्याने वाचून दाखवत होती आणि तुळशीदास ऑफिस विसरून खुर्चीत बसला होता. पुंजा सरांनी 'सलाम मौळे साहेब' असं लिहिलं होतं. कुणी एक तळेगावच्या बाई म्हणत होत्या, 'नशीब लागतं असा नवरा मिळायला.' आणि मालूने, ज्या मालूने प्रशिक्षणाची थाप स्वतः रचून दिली होती तिने, लिहिलं होतं, 'तुझे मिस्टर ग्रेट! आमच्याकडे असं कुणी नाही गं.'

मालूने हे आपल्याला सांभाळून घ्यायला लिहिलं, की तिला ते खरंच वाटलं? चंद्रकलेने ते वाक्य पुन्हा वाचलं. ऑर्कुटवर आवाज ऐकू येत नाही. होस्टेलच्या खोलीत अंधारातही मालू खरं बोलतेय की नाही हे कळायचं.

"बघा," तुळशीदास म्हणाला, "लोकांना कदर आहे." त्याने चहाचा घोट घेतला. "मी काय म्हणतो, हिलाच एकटीला का? दिवाळीच्या सुट्टीत सगळेच जाऊ. चंदा, तू पण ये पोरांना घेऊन. विनोदला घेऊ. आईला समुद्र दाखवू."

"जीप करावी लागेल," चंदा म्हणाली. मघाचं सगळं ती केव्हाच विसरली होती. "आणि दादा, बाहेरचं खाणं पोरांना सोसत नाही. स्टोव्ह घेऊ. वहिनी, ते मोठं पातेलं आहे ना, लग्नातलं? त्यात डाळभात होईल सगळ्यांचा."

"भाकरी करूनच न्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला खुर्ची घ्या. वाळूत बसवत नाय."

"फोटो मी काढीन," रविना म्हणाली. "सगळ्या फॅमिलीचा. लाटांमध्ये. तुमच्या खात्यावर टाकू, भाऊजी, तुमचंही खातं उघडू."

"उघड," तुळशीदास म्हणाला. तो पडद्याजवळ वाकला आणि त्याने बोट फोटोवर टेकवलं. "जागा तर हिला माहीतच आहे. इथेच जाऊ. काय पाणी आहे बघ. हीच जागा, काय गं?"

चंद्रकलेने कप गोळा करता करता फोटोकडे पाहिलं. तिथे पलीकडे सुरूंची रांग होती, फोटोत न आलेली. त्या रांगेच्या टोकाला एक आडवं पडलेलं खोड होतं. त्यावर ती एक अख्खी दुपार बसली होती आणि तिला कुणीही काहीही मागितलं नव्हतं.

"तिथे नको," ती म्हणाली.

"का?"

"भरती उतरली की नुसता गाळ आहे तिथे. घोट्यापर्यंत रुततो. खडक पण आहेत, पाय कापतात. आईंना तर चालताच यायचं नाही."

"पण इथे तर एकदम साफ दिसतंय."

"फोटोत साफच दिसतं."

तुळशीदासने चष्मा वर करून पुन्हा एकदा पडदा न्याहाळला. बायकोवर त्याचा आता पूर्ण विश्वास होता. त्यानेच तर तिला तिथे पाठवलं होतं, तिला माहीत नसेल तर कुणाला असेल?

"मग डहाणूलाच जाऊ," तो म्हणाला.

"हो," चंद्रकला म्हणाली. "डहाणू बरं. तिथे सगळे मावतील."